पिल्लाने हाकेला ओ द्यावी म्हणून

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरी आलं की पहिले काही आठवडे ते सतत आपल्या पायांत घुटमळतं. बोलवायची गरजच पडत नाही, म्हणून शिकवणं राहून जातं. मग सहाव्या महिन्याच्या आसपास तेच पिल्लू मैदानात हाक ऐकून एकदा मागे बघतं आणि खुशाल उलट दिशेला सुटतं. तेव्हा सुरुवात पायांत घुटमळण्याच्या दिवसांतच करा.

आधी शब्द ठरवा. 'ये' किंवा 'इकडे', काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांचा एकच. नुसत्या नावाने बोलवू नका. नाव आपण दिवसभर घेत असतो, लाडाने, वैतागून, पाहुण्यांशी बोलताना. इतकं वापरलेलं नाव हाक म्हणून बोथट होतं.

पायरी 1 : घरात, दोन पावलांवरून

पिल्लू आपणहून तुमच्याकडे येत असेल तेव्हाच आनंदी आवाजात 'ये' म्हणा आणि पोचताक्षणी वाटाण्याएवढा खाऊ द्या. अगदी एक-दोन सेकंदांत. खिशात चाचपडत राहिलात तर तोवर ते बसलेलं असतं किंवा भुंकलेलं असतं, आणि बक्षीस नेमकं कशाचं हे त्याला कळत नाही. खाऊ हात लांब करून देऊ नका, आपल्या पायाशी द्या. देताना दुसऱ्या हाताने गळपट्टा हलकेच धरून सोडा. हे बहुतेक जण गाळतात आणि मग पिल्लू जवळ येऊनही हाताला लागत नाही, कारण गळपट्टा धरला की खेळ संपला, एवढंच त्याला माहीत असतं.

सराव दिवसातून तीन-चारदा, पण एका वेळी 3 ते 5 मिनिटंच. खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातूनच काढून ठेवा.

पायरी 2 : दोघांच्या मध्ये

घरातली दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना बसा आणि आळीपाळीने हाक मारा. जमलं की एकाने दुसऱ्या खोलीत जा. पिल्लांना हा खेळ फार आवडतो. ती दमायच्या आत थांबवा.

पायरी 3 : बाहेर, लांब दोरीवर

लसीकरण पूर्ण व्हायच्या आत कुठे न्यायचं, हे पशुवैद्यांना विचारून ठरवा. बाहेर 5 ते 10 मीटरची दोरी वापरा आणि ती हार्नेसलाच, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यालाच अडकवा. धावत्या पिल्लाला गळपट्ट्याने बसलेला हिसका थेट मानेवर येतो. इथे खाऊही घरातल्यापेक्षा चविष्ट हवा, कारण स्पर्धा गवतातल्या वासांशी आहे.

हाक एकदाच. 'ये, ये, ये रे, ये ना' असं म्हणत राहिलात तर पहिल्या चार हाका सोडून द्यायच्या असतात, हेच ते शिकेल. आलं नाही तर पाठलाग करू नका, त्याला पकडापकडी वाटेल. तुम्हीच उलट दिशेला पळा किंवा खाली बसा. बहुतेक पिल्लं धावत येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाकेचा शेवट वाईट होऊ देऊ नका. आंघोळ घालायची आहे, नखं कापायची आहेत? मग हाक न मारता जाऊन उचलून आणा. दहा मिनिटं हुंदडून उशिरा आलं तरी रागावू नका. तुमच्या लेखी ती उशिराची शिक्षा असते, त्याच्या लेखी येण्याची. खेळताना बोलवलंत तर बहुतेक वेळा खाऊ देऊन परत खेळायला सोडा. हाक म्हणजे घरी जायची वेळ, असं गणित एकदा त्याच्या डोक्यात बसलं की मोडणं अवघड.

पायरी 4 : लीशची (फिरवायच्या दोरीची) ओळख

गळपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. पिल्लं झपाट्याने वाढतात, तेव्हा दर आठवड्याला तपासा. आधी नुसता गळपट्टा, मग नजरेसमोर असताना लीश जमिनीवर ओढत फिरू द्या. लीश चावत असेल तर ओढाताण न करता खेळणं पुढे करा.

पायरी 5 : सैल लीशवर चालणं

कुत्र्याला मागे ओढलं की ते बहुधा पुढेच जोर लावतं. म्हणून हिसके देऊन काही साधत नाही. दीड ते दोन मीटरची साधी लीश घ्या. आपोआप लांबणारी आत्ता नको. तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि ओढलं की जास्त मोकळीक मिळते, म्हणजे आपण ओढायलाच शिकवतो.

लीश ताणली की खांबासारखे उभे राहा. पिल्लाने मागे वळून पाहिलं, लीश सैल झाली की लगेच चाला. सैल लीशवर तुमच्या बाजूला असेल तेव्हा मांडीपाशी खाऊ द्या, सुरुवातीला दर दोन-तीन पावलांना. जिथे खाऊ मिळतो तिथे ते चालू लागतं. पहिल्या आठवड्यात रस्त्याचं टोकही गाठलं जाणार नाही, आणि घाईच्या दिवशी हे जमतही नाही. त्या दिवशी हार्नेस घाला, जसं चालेल तसं चाला आणि शिकवणीच्या वेळी मात्र गळपट्टाच ठेवा. दोन साजांतला फरक कुत्र्याला चटकन कळतो.

वास घ्यायला मनसोक्त वेळ द्या. चांगलं चालल्यावर 'जा' म्हणून एखाद्या झुडपापर्यंत सोडणं, हे खाऊइतकंच मोठं बक्षीस आहे.

सहा महिन्यांनंतर सगळं विसरल्यासारखं वागू लागलं तर त्याला वयात येऊ द्या आणि लांब दोरी पुन्हा बाहेर काढा.