मंडळीची मूल्ये ठरवायची तर आधी जमाखर्चाची वही उघडा

आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चच्या ख्रिस्ती समुदायात, मूल्ये ठरवायला बैठक बसली, तेव्हा अर्ध्या तासात काम उरकले. प्रेम, विश्वास, एकता, पवित्रता, सेवा. कुणाचा विरोध नाही. फलक रंगवून आला आणि व्यासपीठाशेजारी लागला. तीन महिन्यांनी प्रश्न आला: पडवीचे गळके पत्रे बदलायचे की बोर्डिंगमधल्या मुलांची फी भरायची? पैसे एकाच कामापुरते होते. फलकाकडे कुणी पाहिले नाही, आणि पाहून उपयोगही नव्हता. पाचही शब्द दोन्ही बाजूंना लागू पडत होते.

दुसऱ्या खेपेला आम्ही जसे केले, ते सांगतो.

पहिली गोष्ट: विश्वास (म्हणजे धर्मश्रद्धा) आणि मूल्ये यांची गल्लत नको. ख्रिस्त कोण, पापातून तारण कशाने, हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने मतदानाने ठरवायचे नसते. ते मंडळीला वारशाने मिळालेले आहे. मूल्यांचा प्रश्न त्यानंतर येतो: करण्याजोगी चांगली कामे दहा असताना आपण, या गावात, एवढ्या माणसांनिशी, कोणते काम आधी हाती घेणार? म्हणून शेजारच्या मंडळीची यादी उतरवून चालत नाही.

मग मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च आणि इतिवृत्ताचे रजिस्टर काढा. खजिनदाराला शेजारी बसवा. पाळकांचा (धर्मगुरूंचा) पगार, डायोसिसचा (बिशपच्या विभागाचा) वाटा, इमारत, नाताळ, संडे स्कूल (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग), आजाऱ्यांना मदत, सुवार्ताकार्य (धर्मप्रचार), असे रकाने पाडा आणि कुठे किती गेले ते लिहा. बैठकांत कोणत्या विषयावर किती वेळ गेला, तेही मोजा. आमच्याकडे लाउडस्पीकरवर चार बैठका झालेल्या निघाल्या, संडे स्कूलवर एकही नाही. ही खरी मूल्ये, मग आवडोत न आवडोत. हा कागद कुणाला दोषी ठरवायला वापरायचा नाही, एवढे आधीच बजावून ठेवा, नाहीतर जुना खजिनदार रुसतो.

यानंतर लोकांचे ऐका. कमिटीचे लोक एकमेकांचे ऐकतच असतात. मागच्या बाकावर बसणाऱ्या, लग्न होऊन आलेल्या सुना, पुण्याला नोकरीला गेलेली आणि नाताळालाच दिसणारी पोरे, एकटी राहणारी म्हातारी, आणि विशेष म्हणजे येणेच बंद केलेली घरे, यांच्याकडे दोघादोघांनी संध्याकाळी चहाला जा. पाळकसाहेबांना सोबत नेऊ नका. ते असले की सगळे गोडच बोलतात. ‘तुमच्या मते आपली मूल्ये कोणती?’ असे विचारलेत तर पुन्हा तेच पाच शब्द मिळतील. ‘ही माझी मंडळी आहे असे कधी वाटले?’ आणि ‘कधी मन दुखावले?’ असे विचारा आणि प्रसंग सांगू द्या. त्यांचेच शब्द वहीत उतरवा.

भांडणांची यादी करा. ही पायरी सगळ्यांना टाळायची असते, आणि सगळ्यात जास्त हातीही हिच्यातच लागते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 6 वा अध्याय वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या पहिल्या शिष्यांनी, ती दाबली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले, सात जण निवडायला सांगितले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा (उपदेशाचे काम) धरून ठेवली. निवडलेल्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याकडच्याच माणसांच्या हाती वाटणी गेली असावी, असे मला वाटते. मंडळीला कशाची किंमत आहे, ते त्या भांडणातून कळले.

आपल्याकडची भांडणे वेगळी: तबला-पेटी की कीबोर्ड, कापणीच्या सणाचा लिलाव, कबरस्तानातली जागा. आणि सोयरीक जुळवताना हळूच निघणारी, ख्रिस्ती होण्याआधीची जुनी जात. तो विषय यादीत येत नसेल, तर ‘समानता’ हा शब्दही यादीत घेऊ नका.

आता वाक्ये लिहा. सुटे शब्द नकोत. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. एखादी चांगली मंडळी याहून वेगळे ठरवू शकेल का? ‘आम्ही प्रेम करतो’ याच्या उलट कुणीच ठरवणार नाही, म्हणून ते वाक्य काही सांगत नाही. दुसरा प्रश्न: यासाठी आपण काय सोडणार?

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा एकतेची किंमत मोजावी लागली होती. बिशप सगळ्यांकडे नव्हते. काही बालकांना बाप्तिस्मा देत, काही फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्यांना. दोन्ही रीती मान्य झाल्या, म्हणजे प्रत्येकाला आपल्याला न पटणारे काहीतरी घरात घ्यावे लागले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या बाईला कळावे म्हणून. भारदस्त संस्कृत शब्द त्यांना येत नव्हते असे थोडेच होते! ते त्यांनी बाजूला ठेवले.

आमचे ‘सेवा’ शेवटी असे झाले: ‘गावात कुणी आजारी पडले, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर आठवड्याच्या आत आपल्यापैकी दोघे त्याच्या घरी जातील.’ अशी तीन-चार वाक्ये पुरेत. सात झाली की कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मसुदा जुन्या निर्णयावर घासून पाहा. मागचे वादाचे एक प्रकरण घ्या. या वाक्यांनी निकाल लागतो का? लागत नसेल तर वाक्य बदला. मग सलग दोन रविवारी उपासनेनंतर मसुदा वाचा, महिनाभर हरकती घ्या आणि वार्षिक सभेत ठेवा. तरुण संघ आणि महिला मंडळाने वेगळे बसून मत द्यावे. मोठ्यांसमोर ते बोलत नाहीत.

मंजुरीनंतर फलक लावायची घाई नको. अंदाजपत्रकात प्रत्येक मोठ्या रकमेपुढे ती कोणत्या वाक्यासाठी, ते लिहायला सांगा. ज्या रकमेपुढे काही लिहिता येत नाही, तिच्यावर चर्चा करा. वर्षातून एकदा, शक्यतो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधी, यादी पुन्हा वाचा.

आमच्या वाक्यांत एक होते: ‘पैसा एकालाच पुरेल तेव्हा इमारतीआधी मूल.’ फी भरली गेली. त्या पावसाळ्यात पडवीत बादल्या ठेवाव्या लागल्या, आणि बादल्या कुणाच्या घरून आणायच्या यावर एक बैठक झाली.