शेतकरी पूर्वजांचे चरित्र कसे लिहावे : मराठवाड्यातील कुटुंबांसाठी

अमेरिकेत १८५० ते १८८० या काळात दर दहा वर्षांनी झालेल्या शेती-गणनेत शेतकऱ्याच्या नावापुढे त्याची वहितीची जमीन, घोडे, दुभत्या गाई, मक्याचे उत्पन्न आणि घरी काढलेले लोणीसुद्धा नोंदले गेले. शिवाय मुलांचे जन्म-मृत्यू घरातल्या बायबलच्या पानांवर लिहून ठेवण्याची तेथे चाल होती, त्यामुळे तिकडच्या एखाद्या साध्या शेतकरी कुटुंबाचे जीवन आज उभे करता येते. आपल्या खापरपणजोबांविषयी इतकी माहिती एका जागी सापडत नाही. ती दप्तरांतून, चोपड्यांतून आणि मुख्यतः माणसांच्या आठवणींतून गोळा करावी लागते.

सुरुवात घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीपासून करावी. मी स्वतः वंशावळीपासून सुरुवात केली होती. त्यातून सहा पिढ्यांतील पुरुषांची नावे हाती आली, पण त्यांच्या घरी एका वेळी किती माणसे जेवत होती हेही कळले नाही. ‘जुने दिवस सांगा’ असे म्हटले तर फारसे काही मिळत नाही, म्हणून वस्तू धरून विचारावे: पेव (धान्य साठवायचे जमिनीखालचे कोठार) कोठे होते आणि त्यात किती खंडी ज्वारी मावत असे, मोटेला किती बैल जुंपत, सुताराला आणि चांभाराला बलुते किती द्यावे लागे, येळवशीला शेतात भज्जी-आंबिलीसाठी कोण कोण येत असे, सालगडी कोणत्या गावचा होता. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्या मोबाईलवर जरूर ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण कितीतरी बायकांचे माहेर, भाऊ आणि सासरचे कष्ट यांची नोंद त्या ओव्यांखेरीज दुसरीकडे कोठेही नाही.

सांगणाऱ्याला सन आठवत नाही, पण घटना आठवतात. १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९०० च्या सुमारास सुरू झालेली मनमाड–हैदराबाद रेल्वे, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेली निजामाची राजवट, १९७२ चा दुष्काळ या खुणा मनाशी ठेवून ‘तुमच्या सासूबाईंचे लग्न रेल्वे येण्याआधीचे की नंतरचे?’ असे विचारले की पंचवीस-तीस वर्षांचा घोळ बराच कमी होतो.

यानंतर कागदांकडे वळावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून १९५४-५५ चे खासरा पत्रक (कोणते शेत कोणाच्या ताब्यात, याची नोंद), सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही), जुने फेरफार आणि कोतवालाच्या जन्म-मृत्यू नोंदी मागाव्यात. निजामकाळातील दप्तर बहुतेक उर्दूत आहे आणि त्यात वर्ष फसली, म्हणजे निजाम राजवटीतील महसुली सनाचे, असते; त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. रकमा हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या राज्याच्या चलनात, असतील तर सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे साधारण सहा रुपये, हा हिशेब लक्षात ठेवावा. जिल्ह्याचे नाव वाचूनही गोंधळ होतो: जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले, तर धाराशिवचा (उस्मानाबादचा) जिल्हा निजामकाळात एकेकाळी नळदुर्ग म्हणून ओळखला जात असे. त्यामुळे लातूरकडच्या गावाचा कागद उस्मानाबादच्या नावाने निघाला तर तो दुसऱ्याच गावाचा समजून बाजूला ठेवू नये.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत गाव आणि आडनाव सांगितले की यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे मिळू शकतात. घरच्या ट्रंकेतील मोडी खते मात्र जाणकाराकडूनच वाचून घ्यावीत, कारण त्यांत बहुधा सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीची हकिकत असते आणि एखादे अक्षर चुकीचे वाचले तर गहाणखताचे विक्रीखत होते. कर्जाचा हा भाग लपवू नये. दुष्काळात कोणते शेत गेले, कोणता बैल विकला आणि कोणाच्या अंगावरचे दागिने मोडले हे लिहिले तरच त्या घराने काय सोसले हे समजते.

लिहिताना जन्म-लग्न-मृत्यू असा क्रम न धरता एका वर्षाचा क्रम धरावा. मृगाआधीची वखरणी, तिफणीवर चाडे धरणारी बाई, पोळा, हस्ताच्या पावसाकडे लागलेले डोळे, रब्बी ज्वारीची राखण, खळ्यावरची मळणी आणि मग उन्हाळ्यातली पाण्याची पायपीट, असे बारा महिने मांडले की पणजोबांइतकीच पणजीही पानोपानी दिसू लागते. कागदावरून घेतलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट यांतला फरक प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावा.

कच्चा मसुदा तयार झाला की ज्यांनी सांगितले त्यांनाच तो मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्याकडे आजीने पहिल्याच पानावर थांबवून सांगितले की ते पेव वाड्यात नव्हतेच, ते वेशीबाहेर पांढरीत होते. आणि पेव उघडायच्या दिवसाची जी हकिकत तिने आधी सांगितली नव्हती, ती त्यानंतर सांगितली.