अमेरिका दोन्ही महायुद्धांत का उतरली? उत्तर लिहिताना

आधी कोऱ्या कागदावर तारखांची उभी पट्टी आखा. ७ मे १९१५: जर्मन पाणबुडीने ब्रिटिश प्रवासी जहाज लुसिटानिया बुडवलं, १२८ अमेरिकन गेले. ६ एप्रिल १९१७: अमेरिकेची जर्मनीविरुद्ध युद्धघोषणा. मधे जवळजवळ दोन वर्षं आहेत, आणि ‘लुसिटानियामुळे अमेरिका युद्धात उतरली’ हे ठोकळेबाज वाक्य इथेच आपटतं. त्या रिकाम्या जागेत मे १९१६ची जर्मन हमी (इशाऱ्याशिवाय व्यापारी आणि प्रवासी जहाजं बुडवणार नाही), १ फेब्रुवारी १९१७ला पुन्हा सुरू झालेलं बेलगाम पाणबुडीयुद्ध आणि १ मार्चला छापून आलेली झिमरमन तार (जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युती सुचवणारी गुप्त तार) भरा.

मग जनमत. गॅलप संस्थेच्या जनमत चाचण्या १९३५पासूनच्या. त्यामुळे १९१७साठी टक्केवारी शोधत बसू नका, युद्धघोषणेवरचं संसदेतलं मतदान पाहा. प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५०, म्हणजे विरोध चांगलाच होता. ८ डिसेंबर १९४१ला, जपानविरुद्धच्या युद्धघोषणेवर, ३८८ विरुद्ध १. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणाऱ्या सदस्य एकच, जॅनेट रँकिन.

दुसऱ्या युद्धासाठी १९३५, १९३६, १९३७ आणि १९३९चे तटस्थता कायदे (अमेरिकेला परक्या युद्धांपासून दूर ठेवण्यासाठी केलेले) वेगवेगळे मांडा. १९३९चा शस्त्रविक्रीला मोकळीक देतो, पण रोख पैसे मोजून आणि स्वतःच्या जहाजातून माल नेणाऱ्यालाच. समुद्र ब्रिटनच्या ताब्यात, म्हणजे फायदा कुणाला ते उघड आहे. एक चूक हमखास होते: पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने लगेच जर्मनीविरुद्धही युद्ध पुकारलं असं लिहिलं जातं. खरं तर ८ डिसेंबरला अमेरिकेने फक्त जपानविरुद्ध युद्ध पुकारलं; जर्मनीने ११ डिसेंबरला स्वतःहून अमेरिकेविरुद्ध.