दुसऱ्या कवीची कविता आपल्या कवितेसोबत कशी वाचायची

अर्धा तास मिळाला असेल तर त्यांच्या दोन, आपल्या तीन, बस. कवी हयात असेल तर आधी विचारून घ्या. उदाहरणार्थ कवी बा. सी. मर्ढेकर १९५६ ला गेले, कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे तिथे टेन्शन नाही. कविता पुस्तकातूनच उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, कारण मर्ढेकरांच्या 'पिपात मेले ओल्या उंदिर' मध्ये कोणीतरी शहाणा हमखास 'उंदीर' करतो आणि ओळीच्या १६ मात्रांच्या (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) १७ होतात, मग वाचताना ठेच लागते आणि आपल्याला वाटतं आपलाच श्वास कमी पडला.

आता खरी अडचण. त्यांची कविता संपली, टाळ्या झाल्या, आता आपली वाचायची. इथे लोक 'त्यांच्यापुढे मी कोण' वगैरे सुरू करतात, मीपण पूर्वी करायचो. ही नम्रता नसते हो, फिरून फिरून स्वतःबद्दलच बोलणं असतं! दुसरे सांगतात की कवीचं चरित्र सांगा, मग मर्ढेकरांची आकाशवाणीतली नोकरी आणि अश्लीलतेचा खटला यातच दहा मिनिटं जातात नि कविता राहते बाजूला.

माझं ऐका, आपली कविता आधी वाचा, त्यांची नंतर. उलट केलंत तर तुमची पडणार म्हणजे पडणारच.

आणि मधे बोलायचं ते त्या उंदरांच्या कवितेतल्या एकाच जागेबद्दल. 'माना पडल्या, मुरगळल्याविण', मग मधे ओठांवर ओठ मिळतात, आणि लगेच 'माना पडल्या, आसक्तीविण'. अर्धी ओळ तीच, पुढचा शब्द बदलला, आणि पिंपातले उंदीर थेट आपल्या बेडरूममधे आले. एवढंच दाखवा, अर्थ सांगत बसू नका. मग आपल्या कवितेत जी ओळ परत येते ती पुन्हा वाचा आणि सांगा, दुसऱ्यांदा ती काही नवीन करतेय की नुसती चाल भरायला आलीय. सांगता येत नसेल तर ती घरीच काढून या, स्टेजवर कळून उपयोग नाही.

मर्ढेकर रडक्या सुरात वाचू नका प्लीज. ओळ आठ मात्रांवर तुटते, तिथे जरा थांबा, बाकी सपाट वाचा.

शेवटी प्रश्नोत्तरं. 'दोघांत श्रेष्ठ कोण' असं कोणीतरी विचारेलच, पाण्याचा घोट घ्या आणि पुढचा प्रश्न घ्या.