घरच्या सर्व्हरवर डेबियन १२ वरून १३ करताय? मग या चुका टाळा

आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या कपाटाच्या खालच्या खणात एक सेकंडहँड डेस्कटॉप २०२३ पासून चोवीस तास चालू आहे. आठ जीबी रॅम, एक एसएसडी, दोन मोठ्या हार्डडिस्क, बस. पण त्याच्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो आहेत, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तनं आहेत, बाबांच्या मेडिकल फाईलींचे स्कॅन आहेत, आणि घरभराच्या नेटचा डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) पण तोच सांभाळतो. म्हणजे तो बंद पडला की पहिल्या पाच मिनिटांत आई हाक मारते, "अरे लाईट आहे, मग मोबाईलवर नुसतं गोल का फिरतंय?"

त्याच्यावर डेबियन, म्हणजे एक फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, तिचं १२ नंबरचं व्हर्जन होतं, ते १३ केलं. त्याच्यानंतर दोन मित्रांच्या घरचे सर्व्हर पण आम्ही एकत्र बसून केले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसली, की डेबियनने स्वतःचं सामान बऱ्यापैकी नीट हलवलं, आणि जे अडकलं ते जवळपास सगळं आम्हीच मधल्या दोन वर्षांत कधीतरी रात्री हाताने केलेलं आणि नंतर विसरलेलं होतं. घर बदलताना माळ्यावरचं सामान शेवटच्या ट्रिपला आठवतं ना, तसंच. म्हणून खाली लिहिलेल्या बहुतेक चुका अपग्रेडची कमांड मारायच्या आधीच्या आहेत.

सगळ्यात आधी घाई. डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, पण १२ म्हणजे बुकवर्म काही त्या दिवशी मेलं नाही, त्याला नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट जून २०२६ पर्यंत आणि पुढे एलटीएसवाल्यांचा (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्तीच्या काळाचा) जून २०२८ पर्यंत आहे. त्यामुळे "आज रात्रीच उरकून टाकू" असं काही नसतं. घरात पाहुणे येणार असतील, गणपती असतील, पोरांची ऑनलाईन परीक्षा असेल तर त्या आठवड्यात हात लावू नका. आणि पुण्यात असाल तर गुरुवार टाळा! गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे आपल्याला लहानपणापासून माहितीये, तरी सुट्टी गुरुवारी पडली म्हणून एका मित्राने नेमकी तेव्हाच सुरुवात केली होती. पॅकेजं अर्धी उलगडलेली असताना लाईट गेली तर मशीन परत उठेलच याची खात्री नाही. सर्व्हर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असू द्या आणि यूपीएसची बॅटरी खरंच किती वेळ टिकते ते आदल्या दिवशी प्लग काढून बघा.

बॅकअप आहे असं वाटणं आणि बॅकअप असणं

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे चूक झाली तर ती भरून येत नाही.

रेड म्हणजे बॅकअप नाही. दोन डिस्कवर सारखाच डेटा ठेवला तर एक डिस्क मेल्यावर तो वाचतो, पण चुकून काही डिलीट झालं तर ते दोन्हीकडून एकाच वेळी जातं. दुसरं, बॅकअपची डिस्क त्याच मशीनला यूएसबीने लावून ठेवायची आणि तशीच अपग्रेडला बसायचं हे पण नको, बॅकअप झाला की डिस्क अनमाउंट करून वायर काढून वेगळ्या खोलीत ठेवा.

तिसरं म्हणजे डेटाबेस. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी चालू असताना त्याचं फोल्डर नुसतं कॉपी केलं तर ती कॉपी नंतर उघडेलच असं नाही. पोस्टग्रेस असेल तर पीजी-डंप-ऑल, मारियाडीबी असेल तर मारियाडीबी-डंप, असं रीतसर काढून ती फाईल बॅकअपमध्ये टाकायची. आणि ईटीसी फोल्डर (सगळ्या सेटिंगच्या फाईली) पूर्ण, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात ठेवून चालवायची सोय) कंपोज फाईली आणि इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांची यादी, हे सगळं मिळून काही एमबीच होतं, पण मशीन नव्याने उभं करायची वेळ आली तर तेच लागतं.

आणि मग रिस्टोअर करून बघायचं. पूर्ण नको, पण दुसऱ्या लॅपटॉपवर पाच-पन्नास फोटो, एक डेटाबेस, एक स्कॅन केलेली पीडीएफ परत आणून उघडून बघा. माझ्याकडे हे करताना कळलं की कीर्तनांचं फोल्डर बॅकअपमध्ये नव्हतंच, कारण मी ते नंतर दुसऱ्या डिस्कवर हलवलं होतं आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच रस्ता राहिला होता. दीड वर्ष बॅकअप रोज हिरवा दिसत होता. आजोबा आता नाहीत, त्या कॅसेटींच्या पट्ट्या पण चिकटून गेल्यात, म्हणजे ती एकच कॉपी होती. त्या दिवशी अपग्रेड पुढे ढकललं आणि आधी दोन ठिकाणी कॉप्या केल्या.

थेट उडी मारू नका

कर्वेनगरच्या मित्राच्या मशीनवर ११ होतं. कोणत्या व्हर्जनची पॅकेजं घ्यायची ते सोर्सेसच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, तर त्याचं म्हणणं "दोनदा कशाला, सोर्सेसच्या फाईलमध्ये थेट ट्रिक्सी लिहू". डेबियनमध्ये मधलं व्हर्जन गाळून जाणं सपोर्टेड नाही. ११ वरून १२, रीबूट, सगळं चालतंय बघा, मग १३. उबंटू सर्व्हरवाल्यांचं पण तेच, एका एलटीएस व्हर्जनवरून पुढच्या एलटीएस व्हर्जनवर, आणि तिथे पुढचं एलटीएस आलं तरी त्याचं पहिलं पॉइंट रिलीज (दुरुस्त्या घातलेली आवृत्ती) येईपर्यंत अपग्रेडची ऑफर येत नाही, ते मुद्दामच तसं ठेवलंय, जबरदस्ती करू नका. रास्पबेरी पायवाल्यांना तर सरळ नव्या कार्डवर नवी इमेज टाकायचाच सल्ला असतो, आणि तो मला पटतो, कारण जुनं कार्ड तसंच बाजूला राहतं, बिघडलं तर परत घातलं की झालं.

अगदी जुनं ३२ बिटचं मशीन असेल तर १३ च्या नादाला लागूच नका, त्याच्यासाठी आता कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि इन्स्टॉलर दोन्ही येत नाहीत.

बाहेरच्या रेपो, भरलेली बूट आणि बंद पडलेला डीएनएस

डॉकर, जेलीफिन (घरचे व्हिडिओ-गाणी दाखवणारा प्रोग्राम), असल्या गोष्टींच्या रेपो (पॅकेजं मिळायची ठिकाणं) आपण त्यांच्या साईटवरून चार ओळी कॉपी करून घातलेल्या असतात. अपग्रेडच्या आधी त्या सगळ्या बंद करा, आधी डेबियन पूर्ण होऊ दे आणि मग एकेक करून ट्रिक्सीच्या नावाने चालू करा. आणि जुन्या पद्धतीने एपीटी-की (पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीची एक कमांड) वापरून रेपोंची ओळख पटवणाऱ्या चाव्या घातल्या असतील तर १३ मध्ये ती कमांडच काढून टाकलीये, चाव्या कीरिंग्जच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाईलीत ठेवाव्या लागतात. होल्ड करून ठेवलेली पॅकेजं पण बघून घ्या, कधीतरी एखाद्या गोष्टीला "आहे तिथेच थांब" म्हटलेलं असतं आणि तीच नंतर पूर्ण गाडी अडवते.

बूटचं पार्टिशन (मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाईलींचा डिस्कवरचा भाग) वेगळं असेल तर ते किती मोठं आहे ते बघा. डेबियनचंच सांगणं आहे की ते किमान ७६८ एमबी असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळं असावं. जुनी कर्नलं काढली की बहुतेक वेळा जागा होते, फक्त आत्ता चालू असलेलं काढू नका.

आता आईच्या हाकेचा विषय. सर्व्हरवरच पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस) असेल आणि सर्व्हर स्वतः पण नावं शोधायला स्वतःलाच विचारत असेल, तर अपग्रेड चालू असताना पाय-होल थांबलं की पुढची पॅकेजं डाउनलोड व्हायची बंद, आणि घरातलं नेट पण बंद. उपाय सोपा आहे, राउटरमध्ये तेवढ्यापुरता डीएनएस १.१.१.१ किंवा ९.९.९.९ करून ठेवा, सर्व्हरच्या रिझॉल्व्ह फाईलमध्ये पण तेच, आणि फुल-अपग्रेड आधी नुसतं डाउनलोड-ओन्ली करून चालवा म्हणजे सगळी पॅकेजं डिस्कवर येऊन पडतात.

दुरून करू नका

हिंजवडीच्या ऑफिसातून लंच टाईममध्ये घरचा सर्व्हर अपग्रेड करायला घेतला, हे मी केलंय. टीमक्समध्ये चालवलं होतं, त्यामुळे कनेक्शन तुटून काम अर्धवट राहायची भीती नव्हती (टीमक्स किंवा स्क्रीन न लावता एसएसएचवर, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरून, कधीच बसू नका). सगळं झालं, रीबूट केलं आणि मशीन परत आलंच नाही. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत तीन तास घरात ना फोटो ना भजन, आणि बाबांना दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटसाठी जुना रिपोर्ट हवा होता तो पण नाही, ते मला फार लागलं.

झालं काय होतं, तर नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं. इंटरफेसेसच्या फाईलमध्ये जुनं नाव लिहिलेलं, कार्ड आता दुसऱ्या नावाने उभं, म्हणून आयपीच नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड लावून आयपी-लिंक कमांडने नवीन नाव बघितलं, फाईलमध्ये बदललं, पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी परत होऊ नये म्हणून सिस्टीमडीची (सगळ्या सर्व्हिसेस चालू करणारा भाग) लिंक फाईल बनवून कार्डाच्या मॅक ॲड्रेसवरून नाव पक्कं करून टाकलं. ज्यांच्याकडे मॉनिटरची केबल नाही त्यांनी आधी तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एक चक्कर मारून घेऊन ठेवा, आणि एका पेनड्राईव्हवर लाईव्ह डेबियन पण तयार ठेवा.

त्याच कुळातली दुसरी अडचण एफएसटॅबची, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाईलची. डिस्क एसडीबी-एसडीसी अशा नावांनी लिहिल्या असतील तर रीबूटनंतर क्रम बदलू शकतो, यूयूआयडीने (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, आणि डेटाच्या डिस्कना नोफेल लावा. नाहीतर एक डिस्क सापडली नाही म्हणून पूर्ण मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, आणि इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड ठेवलाच नसेल तर तिथे आत पण जाता येत नाही.

कॉन्फिगच्या प्रश्नाला डोळे मिटून एंटर

मध्येच अपग्रेड थांबून विचारतं, कॉन्फिगची (सेटिंगची) तुमची फाईल ठेवू का नवीन घालू. नुसतं एंटर मारलं तर तुमची राहते, आणि एसएसएच, सांबा (घरात फाईली शेअर करायची सोय) वगैरेसाठी बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण डी दाबून फरक बघायची सवय लावा. नंतर ईटीसीमध्ये डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटीच्या फाईली शोधून निवांत ताडून बघा. एसएसएचचं कॉन्फिग रीबूटच्या आधी एसएसएचडी -टी करून तपासा, आणि डीएसएच्या जुन्या चाव्या असतील तर त्या आता चालतच नाहीत. आणि एपीटी काय काय काढणार आहे ती यादी वाय दाबायच्या आधी वाचा, खरंच पूर्ण वाचा.

झाल्यावर दिसणाऱ्या गोष्टी

व्हीपीएन जोडलं जातंय, सर्व्हर दिसतोय, पण घरातला प्रिंटर आणि कॅमेरा दिसत नाहीत. याच्यावर माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. वायरगार्ड (व्हीपीएनचा प्रोग्राम) लावताना मी आयपी फॉरवर्डिंगची (आलेला डेटा घरातल्या बाकी मशीनकडे पुढे पाठवायची) ओळ सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) मुख्य फाईलमध्ये, म्हणजे सिसकंट्रोल डॉट कॉन्फमध्ये टाकली होती, आणि १३ मध्ये सिस्टीमडी ती फाईल वाचतच नाही. ती ओळ सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरमध्ये नवीन कॉन्फ फाईल करून ठेवली की लगेच चालू झालं. तुम्ही पण काही जणांनी तिथे ओळी घातल्या असतील, आत्ताच उघडून बघा.

व्हिडिओ कन्व्हर्ट करताना "जागा नाही" असं येतंय आणि डिस्क तर मोकळी आहे? १३ मध्ये टेम्प फोल्डर रॅममध्ये गेलाय, जास्तीत जास्त रॅमच्या निम्मा, म्हणजे माझ्या आठ जीबीत चार. त्या प्रोग्रामला डिस्कवरचं वेगळं फोल्डर द्या, किंवा सिस्टीमडीत टेम्प डॉट माउंट मास्क (बंद) करून रीबूट करा.

नेक्स्टक्लाउड (घरचं गुगल ड्राईव्ह म्हणा) थेट सिस्टीमवर असेल, डॉकरमध्ये नसेल, तर ते ज्याच्यावर चालतं ते पीएचपी ८.२ वरून ८.४ होतं आणि जुनं नेक्स्टक्लाउड त्याच्यावर उठत नाही, म्हणून नेक्स्टक्लाउड आधी एकेक मोठं व्हर्जन चढत वर आणायचं. पोस्टग्रेस १५ वरून १७ होतं पण डेटा आपोआप हलत नाही, १७ चं रिकामं क्लस्टर (डेटाबेसांचा संच) बाजूला उभं राहतं. ते रिकामंच आहे ना ते पीजी-एलएस-क्लस्टर्सने बघून काढायचं आणि मग पीजी-अपग्रेड-क्लस्टर चालवायचं. तोपर्यंत १५ ची पॅकेजं काढू नका, म्हणजेच ऑटोरिमूव्ह (आता न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) त्या रात्री अजिबात नको. जे डॉकरमध्ये आहे त्याचा डेटाबेस पण आतच असतो, त्याला हा त्रास नाही.

पिप (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) चालत नाही, "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणतंय, हे ११ वरून आलेल्यांना दिसेल. व्हेंव (पायथनचं वेगळं फोल्डर) करा, सिस्टीमच्या पायथनमध्ये जबरदस्तीने घुसवू नका.

जुनं ६.१ कर्नल मी आठवडाभर तसंच ठेवलं होतं, नवीन ६.१२ वर काही विचित्र वाटलं तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) ॲडव्हान्स्ड मेनूमधून परत जाता यावं म्हणून. आठ दिवसांत बॅकअप दोनदा पूर्ण झाला, त्यातून एक कीर्तन परत आणून ऐकून बघितलं, आणि मग ऑटोरिमूव्ह मारलं. आता कपाटात सर्व्हरच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवलीये, कोणती फाईल कधी आणि कशासाठी बदलली ते तारखेसकट त्यात लिहितो. पहिली नोंद सिसकंट्रोलची आहे.