सेकंड पीयूसी फिजिक्स: डेरिव्हेशन कोऱ्या कागदावर कसं उतरवायचं

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीतलं सायन्स, अशी खानापूर, निपाणी, बेळगाव भागातली मुलं मी बरीच वर्षं शिकवतोय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अभ्यासक्रम, ब्लूप्रिंट (कोणत्या धड्याला किती गुण याचा तक्ता) आणि जुने पेपर कर्नाटक बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतात, ते काढून घ्या. जर्नल वेळच्या वेळी पूर्ण केलं तर प्रॅक्टिकलच्या 30 गुणांची चिंता नसते. पुस्तक एकच, एनसीईआरटीचं. कोल्हापूर-गडहिंग्लजहून बारावीची गाइडं आणा, असा सल्ला इथे घरोघरी मिळतो. तो साफ चुकीचा आहे. ती गाइडं महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर बेतलेली असतात. दोन मांडण्या डोक्यात घेऊन बसलं की पेपरात दोन्हींची खिचडी होते.

आता खरी अडचण. थिअरीच्या 70 गुणांत पाच-पाच गुणांची डेरिव्हेशन्स, म्हणजे सूत्रांच्या सिद्धता, येतात आणि आपली मुलं मार खातात ती तिथेच. पीयूत असताना मलाही इथेच घाम फुटायचा. वर्गात फळ्यावर सगळं कळलेलं असतं, घरी वाचतानाही कळतं, पण पेपरात तिसऱ्या ओळीला हात थांबतो. यावर 'दहा वेळा वाच, पाठ होईल' असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. वाचून फक्त ओळख होते; लिहायला लागलं की आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं.

विद्युत द्विध्रुवाच्या, म्हणजे डायपोलच्या, अक्षावरचं क्षेत्र घ्या. पुस्तक एकदा समजून वाचा आणि मिटून बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर आधी आकृती काढा: −क्यू आणि +क्यू, मध्ये अंतर 2ए, केंद्रापासून आर अंतरावर बिंदू पी. आकृती नीट असली की पीपासून दोन्ही भारांची अंतरं, आर−ए आणि आर+ए, पाठ करावी लागत नाहीत; ती समोर दिसतात. मग प्रत्येक भाराचं क्षेत्र लिहा, बाण काढून दिशा दाखवा आणि वजाबाकी करा. वर 4एआर येतं, खाली (आर²−ए²)चा वर्ग.

मुलं अडकतात ती इथून पुढे. आर हे ए-पेक्षा खूप मोठं आहे, ही अट शब्दांत लिहायचीच. ती न लिहिता खालचा ए² गाळलात तर तपासणाऱ्याला ते उत्तर माहीत असल्यामुळे केलेली जुळवाजुळव वाटते. त्यानंतर डायपोल मोमेंट पी (हा बिंदू पी नव्हे) = क्यू × 2ए घालून 2पी भागिले आर³ आणा, पुढचा 1/4πε₀ विसरू नका, आणि शेवटी क्षेत्राची दिशा डायपोल मोमेंटच्या दिशेनेच आहे हे नोंदवा.

मध्येच अडलात तर पुस्तक उघडू नका. जागा सोडा, पुढचं येईल तेवढं लिहा. सगळं झाल्यावर लाल पेनाने स्वतः तपासा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा कोऱ्या कागदावर लिहा. लाल खुणा जिथे वारंवार पडतात तेवढाच तुमचा अभ्यास उरलेला असतो. घड्याळ लावा, पाच गुणांना दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणं परवडत नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. समीकरणांना जोडणारी आठ-दहा वाक्यं बहुतेक डेरिव्हेशन्समध्ये तीच असतात. ती वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा आणि न बघता लिहायची सवय करा. हुशार मुलांच्या नोट्सची झेरॉक्स मात्र घेऊ नका. तो सराव त्यांच्या हाताचा आहे, तुमच्या नव्हे.

गणितं रोज दोन-तीन सोडवा, एककांसकट.

केसीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला, प्रत्येक विषयाला 80 मिनिटांत 60 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. पण इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये पीयूचे गुण निम्मे धरतात, त्यामुळे केसीईटीच्या नादात बोर्डाचा पेपर दुय्यम मानू नका. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. तिकडे जायचं असेल तर एमएचटी-सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरा आणि आपलं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 सीमाभागातल्या गावांच्या यादीत असल्याचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.