स्ट्रीम्स ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

डेनिस रिची यांनी १९८४ साली स्ट्रीम्सची, म्हणजे युनिक्समध्ये प्रोग्राम आणि डिव्हाइस यांच्यात मेसेज नेणाऱ्या चौकटीची, मांडणी केली तेव्हापासून एक गोष्ट कायम आहे: क्यू (मेसेजची रांग) इथे जोडीनेच येते. सोलारिस या युनिक्स प्रणालीवर काम करत असाल तर कोडला हात लावण्याआधी ही जोडी कागदावर काढा. राइट क्यूमधून मेसेज खाली हार्डवेअरकडे जातो, रीड क्यूमधून वर स्ट्रीम हेडकडे, म्हणजे प्रोसेसला लागून असलेल्या वरच्या टोकाकडे. डिव्हाइस उघडताना चालणाऱ्या ओपन रूटीनला नेहमी रीड क्यूच मिळते, तिची जोडीदार राइट क्यू हवी असेल तर डब्ल्यूआर हे फंक्शन वापरा. आपल्या स्टेट स्ट्रक्चरचा (ड्रायव्हरची स्वतःची माहिती) पत्ता दोन्ही क्यूंच्या क्यू-पीटीआर या पॉइंटरमध्ये ठेवा आणि ते पूर्ण भरल्यावरच क्यूप्रॉक्सऑनने क्यू चालू करा, कारण त्यानंतर आलेला मेसेज घेणारं पुट रूटीन कोणत्याही क्षणी येऊन धडकू शकतं. क्लोजमध्ये क्यूप्रॉक्सऑफने क्यू बंद करा, राहिलेले टाइमआउट आणि बफकॉल (बफर मिळाल्यावर बोलावण्याची विनंती) रद्द करा, मगच मेमरी सोडा.

सगळ्यात जास्त वेळ एम-फ्लशला, म्हणजे क्यू रिकाम्या करायला सांगणाऱ्या मेसेजला द्या, जोडी नीट समजली आहे का ते तिथेच कळतं. मेसेजच्या पहिल्या बाइटमध्ये फ्लशडब्ल्यू हा बिट असेल तर राइट क्यू रिकामी करा आणि तो बिट पुसा. मग फ्लशआर हा बिट असेल तर रीड क्यूही रिकामी करा आणि तोच मेसेज क्यूरिप्लायने वर पाठवा, नसेल तर फ्रीएमएसजीने मेसेज सोडून द्या. फ्लशडब्ल्यू बिट पुसायचा राहिला तर स्ट्रीम हेड मेसेज पुन्हा खाली धाडतं आणि राइट क्यू विनाकारण पुन्हा रिकामी होते.

न ओळखलेल्या आयऑक्टलला (डिव्हाइससाठीची नियंत्रण-आज्ञा) ड्रायव्हरने नॅक, म्हणजे नकार द्यायचा, स्ट्रीमच्या मधल्या मॉड्यूलने तो आयऑक्टल पुढे ढकलायचा. गप्प बसलात तर वरची प्रोसेस उत्तराची वाट पाहत अडकते. पुट रूटीनमध्ये झोपायचं नाही, आणि म्यूटेक्स (कुलूप) धरून पुटनेक्स्ट, म्हणजे मेसेज पुढच्या क्यूला देणं, तर अजिबात नको.

क्यूत थांबलेले मेसेज पुढे नेणाऱ्या सर्व्हिस रूटीनमध्ये साध्या मेसेजसाठी आधी कॅनपुटनेक्स्टने पुढच्या क्यूत जागा आहे का ते विचारा, जागा नसेल तर पुटबीक्यूने मेसेज क्यूत परत ठेवून परत या. हाय-प्रायॉरिटी मेसेज मात्र न विचारता पुढे द्या. तो पुटबीक्यूने परत ठेवला तर क्यू लगेच पुन्हा जागी होते आणि सर्व्हिस रूटीन स्वतःभोवतीच फिरत राहतं. असे दोष हलक्या ट्रॅफिकमध्ये दिसतच नाहीत. म्हणून पहिल्या चाचणीला हाय-वॉटर आणि लो-वॉटर (क्यू भरली आणि पुन्हा मोकळी झाली असं ठरवणाऱ्या मर्यादा) मुद्दाम अगदी कमी ठेवा, दोन्ही बाजूंनी एकदम डेटा सोडा आणि तो वाहत असतानाच डिव्हाइस बंद करून पाहा.